स्लाईड गिटारमधले नवे चेहरे आणि त्यांच्या मागचे जुने लोक

मधूनच एखादा विशीतला वाजवणारा किंवा वाजवणारी अचानक सगळीकडे दिसायला लागते, करंगळीत काचेची नळी, डोळे मिटलेले, आणि गिटारमधून चक्क माणसाच्या गळ्यासारखा आवाज. खाली शेकडो लोक विचारत असतात की ही व्यक्ती इतके दिवस होती कुठे. स्लाईडच्या जगात हा प्रश्न जवळपास शंभर वर्षं विचारला जातोय आणि बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं, ती माणसं आपल्या जागी वाजवतच होती, बाहेरचे कान तिथे उशिरा पोचले.

आधी थोडं मुळाशी जाऊ. तारेवर कडक वस्तू सरकवून सूर काढायची गिटारची पद्धत, म्हणजेच स्लाईड, जगभर पसरली ती हवाईमधून, आणि तिचं श्रेय साधारणपणे जोसेफ केकुकूला दिलं जातं, जन्म १८७४ चा, शाळकरी वयातच गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर धातूचा तुकडा सरकवायला लागला. (त्याच्याही आधी गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, मूळ भारतातल्या, माणसाने हवाईत असं वाजवलं होतं असा एक दावा आहे. सिद्ध झालेला नाही, पण आपल्याला गंमत वाटणारच.) केकुकू १९०४ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला, १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठं प्रदर्शन भरलं तिथे हवाईयन संगीताने लोकांना वेड लावलं आणि मग लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ही गिटार, घरोघरी गेली. तिकडे अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातले काळे शेतमजूर चाकूने, हाडाने, बाटलीच्या मानेने वाजवत होते. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीने १९०३ च्या सुमारास टटवायलर स्टेशनवर असाच एक माणूस तारांवर चाकू दाबून वाजवताना ऐकला आणि ते आयुष्यभर विसरला नाही. त्या वाजवणाऱ्याचं नाव मात्र कुणालाच माहीत नाही, मला हे फार लागतं, कारण पुढचा सगळा इतिहास एका अर्थाने अशी नावं निसटू नयेत म्हणून केलेल्या धडपडीचाच आहे.

१९४१ च्या ऑगस्टमध्ये लोकगीतं गोळा करणारे ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क रेकॉर्डिंगची जड मशीन घेऊन मिसिसिपीत फिरत होते. स्टोव्हॉल मळ्यावर त्यांना एक ट्रॅक्टर चालवणारा तरुण भेटला, मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड, म्हणजेच पुढे ब्लूजमध्ये (अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीतात) गाजलेला मडी वॉटर्स. स्लाईड तो मुख्यतः सन हाऊस नावाच्या ब्लूज वादकाला बघून शिकलेला. त्याच्याच खोलीत त्याचं गाणं रेकॉर्ड केलं आणि लगेच त्याला ऐकवलं, स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकल्यावर आपल्याला हे जमतंय अशी खात्री पटली असं तो नंतर सांगायचा. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला आणि तिथे इलेक्ट्रिक गिटारवर तीच स्लाईड चढवून त्याने काय केलं ते जगाला माहीत आहे.

आता त्याच्या गुरूचं बघा. सन हाऊसने मध्ये वाजवणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं, १९६४ मध्ये तीन तरुण चाहते त्याला शोधत शोधत थेट न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात पोचले. त्याला स्वतःचीच जुनी गाणी आठवत नव्हती! मग ॲल विल्सन नावाच्या पोराने, ज्याने ती जुन्या तबकड्या ऐकून घोटून घोटून बसवली होती, समोर बसून म्हाताऱ्याला त्याचीच गाणी परत शिकवली. गुरु-शिष्य परंपरेत असा उलटा प्रवास मला दुसरा माहीत नाही.

बुका व्हाइट या अशाच विस्मरणात गेलेल्या स्लाईडवाल्याचा किस्सा तर आणखी भारी आहे. १९६३ मध्ये जॉन फेही आणि एड डेन्सन या दोन चाहत्यांकडे फक्त एक धागा होता, व्हाइटच्या जुन्या गाण्यात ॲबरडीन गावाचा उल्लेख आहे. त्यांनी सरळ ‘म्हातारा ब्लूज गायक, ॲबरडीन, मिसिसिपी’ अशा धर्तीचा पत्ता घालून पत्र टाकलं आणि ते फिरत फिरत मेम्फिसला खरंच त्याच्या हातात पडलं. हाच बुका व्हाइट प्रसिद्ध ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगच्या नात्यातला, आणि बी. बी. किंगचा तो प्रसिद्ध व्हायब्रॅटो (सुराला दिलेलं कंपन) व्हाइटच्या स्लाईडचा आवाज नुसत्या बोटाने काढायच्या नादात तयार झाला असं ते स्वतः सांगायचे.

फ्रेड मॅकडॉवेल १९५९ मध्ये मिसिसिपीतल्याच कोमो गावात लोमॅक्सला भेटला तेव्हा पन्नाशीचा शेतकरी होता, दिवसभर शेतात आणि संध्याकाळी गिटार. ‘नवा कलाकार’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोवळं वय येतं, पण इथे कितीतरी नवे कलाकार केस पिकल्यावर नवे झाले. पुढे अमेरिकन गायिका-गिटारवादक बॉनी रेट त्याच्याकडून शिकली आणि आज ज्या मुली हातात स्लाईड घेतात त्यातल्या बऱ्याच जणी तिचं नाव घेतात.

चर्चची शाखा वेगळीच. हाऊस ऑफ गॉड नावाच्या चर्चमध्ये १९३० च्या दशकात ट्रोमन आणि विली ईसन या भावांनी लॅप स्टील आणली, मग प्रार्थनेत ऑर्गनच्या जागी स्टील वाजायला लागली आणि पिढ्यानपिढ्या एकापेक्षा एक वादक तयार झाले, तरी बाहेर कुणाला पत्ता नाही. ९० च्या दशकात त्यांची रेकॉर्डिंग बाहेर आली आणि २००० च्या आसपास न्यू जर्सीचा रॉबर्ट रँडॉल्फ क्लबमध्ये वाजवायला लागल्यावर लोक थक्क झाले. लोकांसाठी तो आभाळातून पडलेला होता, पण चर्चवाल्यांना तो त्यांच्या परंपरेतला पुढचा मुलगा होता.

आणि मग डेरेक ट्रक्स. जन्म १९७९, नवव्या वर्षी कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत पाच डॉलरला गिटार घेतली, हात लहान म्हणून स्लाईड धरली. काका बुच ट्रक्स ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन रॉक बँडचे ड्रमर, म्हणजे घरात त्या बँडच्या ड्युएन ऑलमनचा आवाज होताच, तोच ड्युएन जो सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली बोटात घालून वाजवायचा आणि १९७१ मध्ये २४ व्या वर्षी अपघातात गेला. १९९९ मध्ये डेरेक त्याच बँडमध्ये गेला. पण मला त्याच्यात जास्त आवडते ती दुसरी गोष्ट, तो सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांच्या कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात शिकला. आणि खाँसाहेबांचेच शिष्य होते ब्रिजभूषण काबरा, ज्यांनी गिटार मांडीवर घेऊन तिच्यावर राग मांडला, १९६७ च्या शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांसोबतच्या त्या गाजलेल्या रेकॉर्डमध्ये गिटार त्यांचीच. म्हणून डेरेकच्या स्लाईडमध्ये मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) ऐकू येते तेव्हा तो योगायोग नाही, ती एका घरातून आलेली आहे. काबरांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य, आणि १९९४ मध्ये अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या अल्बमसाठी ग्रॅमी मिळालेले विश्वमोहन भट्ट, ही सगळी एकमेकांत गुंतलेली मंडळी आहेत.

आज लोमॅक्सचं काम फोन करतो, कुणाला मळ्यावर जायची गरज नाही. मात्र अर्ध्या मिनिटाच्या क्लिपमध्ये वेग दिसतो, आणि स्लाईडमध्ये वेग ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे. अवघड असतो तो सूर. तार फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबलेली नसते त्यामुळे नळी बरोबर फ्रेटच्या पट्टीवरच थांबायला हवी, केसभर इकडे तिकडे झालं की बेसूर. नळीच्या मागच्या बोटांनी आणि उजव्या हाताने नको त्या तारा गप्प कराव्या लागतात, नाहीतर नुसता खरखराट. व्हायब्रॅटो सुराच्या दोन्ही बाजूंना सारखा हलायला हवा. तेव्हा कुणी नवा वाजवणारा आवडला तर त्याचं सगळ्यात संथ वाजवलेलं शोधून ऐका, एकच सूर तो किती वेळ धरतो आणि धरताना काय करतो ते ऐका, आणि तो कुणाकडून शिकला तेही विचारा. चांगले वाजवणारे ते नाव लगेच आणि आनंदाने सांगतात, त्या नावावरून मागे जात राहिलं की ऐकायला वर्षभर पुरेल एवढं मिळतं.