समान गटांतून भागाकार

समान गटांतून भागाकार ही लहान मुलांना भागाकाराची ओळख करून देण्याची प्राथमिक पद्धत आहे. हातातल्या वस्तू सारख्या संख्येच्या गटांत मांडायच्या आणि मोजायच्या. मात्र काय मोजायचे, यावर भागाकाराचे दोन अर्थ होतात. एकात गट किती हे ठाऊक असते आणि प्रत्येकात किती आले ते शोधायचे असते. ही समान वाटणी. दुसऱ्यात गट केवढा हे ठाऊक असते आणि असे गट किती होतात ते शोधायचे असते. हे गट पाडणे. १२ ÷ ३ हे लेखन दोन्हींसाठी एकच, हाताची कृती मात्र निराळी.

वाटणीसाठी ३ बशा मांडून १२ मणी एकेक करत फिरवून टाकतात आणि शेवटी एकाच बशीतले मणी मोजतात: ४. गट पाडताना बशा आधी मांडत नाहीत. ढिगातून ३-३ मणी उचलून बाजूला ठेवतात, ढीग संपला की गट मोजतात: ४. पहिले ४ मण्यांचे, दुसरे ४ गटांचे. म्हणून सुरुवातीला उत्तर एककासह वदवून घेतात. ९ ÷ ३ किंवा १६ ÷ ४ ही उदाहरणे पहिल्या दिवसांत टाळलेली बरी, कारण मुलाने भलतेच मोजले तरी उत्तर बरोबर येते आणि चूक झाकली जाते. २, ३, ४, ६ या साऱ्यांनी निःशेष भाग जाणारी १२ ही संख्या सोयीची. सुरुवातीला २० च्या आतल्याच संख्या घ्याव्यात.

दोन अर्थ जुळतात कसे, हे मुलांना आपोआप उमगत नाही. वाटणीच्या एका फेरीत ३ मणी खर्च होतात, म्हणजे एक फेरी हाच ३ चा एक गट. प्रत्येक फेरीचे मणी एका आडव्या ओळीत मांडले की ३-३ मण्यांच्या ४ ओळी तयार होतात. आडवे पाहिले तर ३ चे ४ गट, उभे पाहिले तर ४ चे ३ वाटे. ‘तीन चोक बारा’ आणि ‘चार त्रिक बारा’ याच मांडणीतून दिसतात, आणि पाढा भागाकाराच्या कामी येऊ लागतो. माँटेसरी साहित्यातली भागाकाराची फळी वाटणीवर बेतलेली आहे: ८१ खाचा, ८१ मणी आणि भाजक दाखवणाऱ्या ९ सोंगट्या, एका सोंगटीच्या वाट्याला आले तेवढे उत्तर.

चुका ठरावीक असतात. वाटताना फेरी अर्धवट राहते आणि गट असमान होतात. अशा वेळी उत्तर न सांगता बशांतले मणी जोडीने समोरासमोर लावायला सांगावे. पसरून ठेवलेला गट काही मुलांना मोठा वाटतो, त्यावरही हाच उपाय. १२ − ३ − ३ − ३ − ३ अशी वजाबाकी करणारे मूल शेवटचे ० उत्तर म्हणून लिहिते. मोजायचे असते ते ३ किती वेळा वजा केले. ‘३ ने १२ ला भागा’ या वाक्यात भाजक आधी ऐकू येतो, म्हणून ३ ÷ १२ असे उलटे लेखन होते. चिन्हाची घाई न केलेली बरी.

बाकीसाठी १४ ÷ ४ घ्यावे. ४-४ चे ३ गट होऊन २ उरतात. ते दोन कोणत्या तरी गटात कोंबून मुले प्रश्न मिटवतात, किंवा ९ ÷ २ मध्ये ३ वेळा काढून ३ बाकी ठेवतात. बाकी भाजकापेक्षा लहानच हवी, नाहीतर आणखी एक गट निघतो. बाकीचे काय करायचे हे प्रसंग ठरवतो: एका बाकावर ४ जण बसत असतील तर १४ जणांना ४ बाक लागतात, ४ मण्यांची एक माळ असेल तर १४ मण्यांच्या ३ माळाच होतात.

पुढच्या उभ्या मांडणीला वाटणीचा अर्थ उपयोगी पडतो. ५२ ÷ ४ मध्ये ५ दशकांच्या जुड्यांतली एकेक जुडी चौघांना देतात, उरलेली सोडून तिचे १० सुटे आधीच्या २ सुट्यांत मिळवतात आणि १२ सुटे ३-३ वाटतात: १३. जुडी सोडण्याची ही कृती हाताने झाली नसेल तर ‘वरचा अंक खाली घेणे’ नुसतेच पाठ होते. ६ ÷ ½ ला मात्र गट पाडण्याचाच अर्थ सोपा: ६ मध्ये १२ अर्धे आहेत. शून्याने भागण्याची अडचणही तिथेच दिसते. दर वेळी ० मणी उचलले तर ढीग कधी संपतच नाही.