पुरानंतर घर सावरणे (कोकण)

पुराचे, उधाणाचे किंवा वादळी पावसाचे पाणी घरात शिरून गेल्यावर ते घर पुन्हा राहण्याजोगे करण्याची कामे. गाळ उपसणे, वीज आणि विहीर तपासणे, भिंती, जमीन व लाकूड वाळवणे, आणि सर्वांत शेवटी गिलावा व रंग, असा त्यांचा क्रम असतो. कोकणात या कामाची खरी अडचण ऋतूची आहे. येथे पूर बहुधा जुलैत येतो आणि त्यानंतर अडीच-तीन महिने हवाच ओली असते. रत्नागिरी जिल्ह्यात मोसमात ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा हवेत दोरीवरचा पंचाही धड वाळत नाही, तिथे भिंत कुठून वाळणार? म्हणून येथे घर सावरण्याचे काम दोन हप्त्यांत होते: स्वच्छतेचे काम पाणी उतरता उतरता आणि दुरुस्तीचे काम दिवाळीनंतर. या दोहोंची गल्लत केली की वर्षभर भिंती फुगत राहतात.

कोकणातल्या नद्या आखूड आणि वेगवान आहेत. सह्याद्रीवर पडलेले पाणी काही तासांत खाडीपर्यंत पोहोचते. त्याच वेळी भरती असली तर त्याचा निचरा तुंबतो आणि ते नदीकाठच्या बाजारपेठांत पसरते. चिपळूणला वाशिष्ठी व शिवनदी, महाडला सावित्री व गांधारी, खेडला जगबुडी, राजापूरला अर्जुना व कोदवली या नद्यांचे पाणी घरादारांत शिरण्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ हे त्यांतले अलीकडचे मोठे पूर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मात्र श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत कौले आणि पत्रे उडाले व पाणी वरून आले. वरून आलेल्या पाण्यात गाळ नसतो. तिथे पहिले काम छपरावर ताडपत्री घालण्याचे, आणि मातीच्या भिंती असतील तर त्या आधी झाकण्याचे.

गाळ उपसणे : पुरांत मुरलेले लोक पाणी पूर्ण उतरण्याची वाट पाहत नाहीत. ओढ थांबून घरात गुडघाभर पाणी उरले की खराटे घेऊन भिंती घासायला लागतात आणि तेच पाणी ढवळून गाळासकट दाराबाहेर ढकलतात. गाळ पाण्यात तरंगत असेपर्यंतच सहज निघतो. एकदा बसला की लोण्यासारखा घट्ट होतो, आणि दोन दिवस उलटले की फावड्याने कापून घमेल्याने वाहावा लागतो. ज्यांनी ही वेळ साधली त्यांचे घर एका दिवसात मोकळे होते. ज्यांची चुकली त्यांना आठवडा लागतो. हे आधी ठाऊक नसल्याने नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांचे हाल होतात, आणि शेजाऱ्याने हाक मारून सांगावे अशी ही गोष्ट आहे.

त्याआधी वीज बंद हवी. मेन स्विच पाण्यात असेल तर त्याला हात न लावता महावितरणकडून खांबावरूनच पुरवठा तोडून घ्यावा. घरात शिरताना गमबूट घालावेत आणि हातात काठी ठेवावी. गाळाखाली काचा, खिळे आणि कधी फुरशासारखा विषारी साप असतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याला पायावरची बारीकशी चीरही पुरते. गाळात काम केल्यावर ताप आला, अंग दुखले, पोटऱ्या ठणकल्या तर अंगावर न काढता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्याही आरोग्य खाते देते. त्या डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

धुण्याच्या घाईत पंचनामा विसरला जातो. पाणी कुठवर चढले ती रेघ, बुडालेले सामान, फुगलेली दारे यांचे फोटो आधी काढावेत, मगच पाण्याचा पाइप हातात घ्यावा. महसुली मदत आणि विमा दोन्ही या पुराव्यावर चालतात. २०२१ च्या पुरानंतर राज्य शासनाने कुटुंबामागे १० हजार रुपयांचे अर्थसाहाय्य दिले होते. एका खोलीचा गिलावा उतरवून पुन्हा करायचा म्हटले तरी ही रक्कम अपुरी पडते, हे ज्याने गवंड्याची मजुरी मोजली आहे त्याला सांगायला नको.

घर धुऊन झाल्यावर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने जमीन पुसतात. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

विहीर : पुराचे पाणी शिरलेली विहीर उपसावी लागते, पण भर पावसात बांधीव विहीर एका दमात तळापर्यंत रिकामी करणे धोक्याचे. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असते आणि त्या दाबाने विहिरीच्या कडा आत ढासळू शकतात. थोडे थोडे उपसून मग औषध टाकतात. दर १००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर ही एरवीची मात्रा. पुरानंतर ती वाढवावी लागते आणि किती, ते ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे बघणारी चाचणी, सांगते. पावडर टाकून तासाभराने काढलेल्या पाण्यात पिवळा रंग आला नाही तर मात्रा कमी पडली असे समजतात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ही चाचणी करून देतो.

भिंतींची ओल : सगळ्यांत जास्त वेळ खाणारे आणि सगळ्यांत जास्त चुका होणारे काम हेच. कोकणातले घर जांभ्या चिऱ्याचे असते. जांभा सच्छिद्र दगड आहे. चांगला चिरादेखील आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी पिऊ शकतो. तीस किलोचा एक चिरा धरला तर त्यात तीन लिटर पाणी, आणि खोलीच्या एका भिंतीत असे शंभरावर चिरे. म्हणजे हात लावला तर वरून कोरडी वाटणारी भिंत पोटात तीनेकशे लिटर पाणी घेऊन उभी असते. हे पाणी बाहेर पडायला किती काळ लागेल याचा बांधकामातला ठोकताळा असा की जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना. नऊ इंची भिंत जुलैच्या अखेरीस भिजली तर ती पुरती वाळेपर्यंत एप्रिल उजाडतो. दोन्ही अंगांनी वारा मिळाला तर हा काळ घटतो, आणि एका अंगाला ऑइलपेंट असेल तर वाढतो.

आणि मध्येच गणपती येतात. २०२१ मध्ये पूर आणि गणेश चतुर्थी यांत बरोबर ५० दिवस होते. मुंबईहून माणसे यायची, माटवी (गणपतीवरची सजवलेली मांडणी) बांधायची, आणि तिच्यामागची भिंत डागाळलेली कशी चालेल? म्हणून घाईने पुट्टी भरून वर चकचकीत रंग मारला जातो. भिंतीतले पाणी रंगाच्या पापुद्र्यामागे अडकते. आधी तिळाएवढे फोड येतात, मग ते सुपारीएवढे होतात, नखाने दाबले की आतून पाणी ओघळते. विसर्जनाच्या सुमारास पोपडे हातात येऊ लागतात. गणपतीची भिंत उजळवण्याची ओढ मनापासूनची आहे, आणि त्यावर जुना उपाय घरातच आहे. चुन्याचा हात द्यावा. चुन्यातून वाफ आरपार जाते, शिवाय तो अल्कधर्मी असल्याने बुरशी त्यावर सहसा धरत नाही. पूर्वी किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत आणि चिऱ्यांच्या दरजाही त्यानेच भरत. ती घरे भिजली तरी वाळत, याचे मोठे श्रेय त्या चुन्याला आहे.

सिमेंटचा गिलावा असेल तर पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत तो उतरवून चिरा उघडा करावा लागतो, कारण ओल रेघेवर थांबत नाही, वर चढते. उघडी भिंत दिसायला वाईट, पण उघडीपीच्या दिवसांत तीच झपाट्याने वाळते. पाऊस कोसळत असताना खिडक्या सताड उघड्या ठेवून उपयोग नसतो, बाहेरची हवा आतल्याइतकीच ओली असते. ऊन पडले की सगळे उघडावे, पंखा लावावा, कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ओल काढण्याचा प्रयत्न मात्र करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेले माणूस उठत नाही. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरचे ऊन आणि त्यानंतर थंडीतला पहाटेचा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा कोरडा मतलई वारा हे कोकणातले खरे वाळवणारे.

भिंत वाळली की नाही हे बघण्याची सोपी रीत अशी: दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीला लावावा आणि एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला घाम धरला तर रंगाऱ्याला अजून बोलावू नये.

खाडीकाठच्या घरांची गोष्ट वेगळी. उधाणाचे खारे पाणी भिंतीत मीठ सोडून जाते. ते मीठ दर पावसाळ्यात हवेतली ओल ओढते, उन्हाळ्यात पांढरा लोणा होऊन बाहेर येते आणि गिलावा भुसभुशीत करते. अशी भिंत पहिल्याच दिवसांत गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी लागते. पुढे लोणा आला की तो कोरडा खरवडून घराबाहेर टाकावा. पाण्याने धुतला तर परत आत मुरतो. आरसीसीच्या (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) खांबांत मीठ पोहोचले तर सळया गंजून काँक्रीट फुटते, तेव्हा अशा खांबांना उभी चीर दिसली तर अभियंत्याला दाखवावे.

जमीन व लाकूड : सारवलेली जमीन पुरात उखडते. वरचा चिखल काढून, नवी माती घालून, चोपण्याने चोपून ती नव्याने करावी लागते आणि हे काम पाऊस गेल्यावरच जमते. तोवर पाट-बाजांवर संसार. फरशीखालची माती वाहून गेली असेल तर काठीने ठोकताना पोकळ आवाज येतो. ती फरशी उचलून भर घालावी लागते. साग आणि फणसाचे लाकूड पाणी सोसते, पण उन्हात टाकले की तडकते व वाकते. ते सावलीत, खाली रिपा घालून वाळवतात. फुगलेले दार लगेच रंधू नये, कारण वाळल्यावर ते आक्रसते आणि मग फट राहते. प्लायवूड व भुश्याच्या पाट्यांचे कपाट मात्र टाकूनच द्यावे. भिजलेल्या घराला पुढे वाळवी लागण्याची भीती असते. वाळलेल्या वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची पद्धत कोकणात आहे. हे तेल कातडी भाजते, म्हणून हातमोजे हवेत.

भिजलेले सातबारे, खरेदीखते आणि फोटो यांना उन्हात पसरण्याचा मोह होतो, तो टाळावा. फोटो स्वच्छ पाण्यात बुडवून अलगद सुटे करावेत, कागदांत कोरे टीपकागद घालून पंख्याखाली ठेवावेत. ढीग मोठा असेल आणि फ्रीझर चालू असेल तर कागद पिशवीत घालून गोठवले तरी वेळ मिळतो, गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांचा फटका बसला.

वीज : वायरिंगच्या नळ्यांत गाळ आणि पाणी आठवडे राहते. सगळे बोर्ड उघडून, धुऊन, वाळवून आणि वायरमनने मेगरने (वायरमधून वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने) तपासल्यावरच पुरवठा जोडावा. फ्रीज, मिक्सर, पंप हे वाळण्याआधी ‘चालतोय का बघू’ म्हणून लावले की जळतात. नवे बोर्ड बसवताना ते जुन्या पाण्याच्या रेघेच्या वर घेतात. ज्या घरांनी दोन पूर पाहिले त्यांत मीटर छातीच्या वर, धान्याच्या कणग्या माळ्यावर आणि भिंतीवर दोन रेघा, प्रत्येकीखाली सालाचा आकडा, असे चित्र दिसते. रंग देताना रंगारी ती जागा सोडून देतो.