ग्रिडच्या हिशेबात नेटवर्क कसं आलं

1995 च्या अखेरीस अमेरिकेत सॅन दिएगोला महासंगणनाची परिषद भरली होती. तिथे ‘आय-वे’ या प्रयोगात उत्तर अमेरिकेतली 17 संगणक-केंद्रं ‘एटीएम’ या जलद जाळे-तंत्राने जोडली गेली. संगणकशास्त्रज्ञ इयन फॉस्टर यांच्या गटाने त्यासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा अनुभव पुढे ‘ग्लोबस’ या सॉफ्टवेअर-संचात उतरला आणि ग्रिड संगणनाची, म्हणजे वेगवेगळ्या संस्थांचे संगणक जोडून एकत्र वापरण्याची, बरीचशी उभारणी त्यावरच झाली. ग्लोबसकडे प्रोसेसर मागता येत, नेटवर्क मात्र मिळेल तेवढं घ्यायचं.

ही उणीव 1999 मध्ये ‘गारा’ या रचनेने भरून काढायचा प्रयत्न केला. प्रोसेसर, डिस्क आणि बँडविड्थ (नेटवर्कची वहनक्षमता) तिन्ही एकाच पद्धतीने, आगाऊ आरक्षित करायच्या, ही तिची कल्पना. मला ती आजही फार मोलाची वाटते. अडचण मालकीची होती. प्रोसेसर एका संस्थेचा असतो, पण डेटाची वाट चार-पाच संस्थांच्या राउटरमधून जाते. त्यातल्या एकानेही आरक्षण मानलं नाही, तर बाकीच्यांनी मानून काही साधत नाही.

दरम्यान युरोपातल्या ‘सर्न’ या कणभौतिकी प्रयोगशाळेत एलएचसी या महाकाय कण-त्वरकाच्या डेटाची चिंता सुरू होती. 1998 मध्ये सुरू झालेल्या ‘मोनार्क’ प्रकल्पाने उतरंडीची रचना सुचवली: वर सर्न, त्याखाली टियर-1 ही मोठी केंद्रं, मग टियर-2 ही छोटी केंद्रं. नेटवर्क हीच कमकुवत कडी ठरणार, या समजुतीवर ती बेतलेली होती. ही भीती अनाठायी नव्हती. इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या टीसीपी या नियमावलीत, पावती येण्याआधी जेवढा डेटा पाठवता येतो ती ‘खिडकी’; तिची जुनी कमाल मर्यादा 64 किलोबाइटची. पावती परत यायला 150 मिलिसेकंद लागत असतील, तर एका जोडणीतून सेकंदाला जेमतेम 3.5 मेगाबिट जातात, मग खाली 10 गिगाबिटची फायबर का असेना. ती पूर्ण भरायची तर सुमारे 190 मेगाबाइट डेटा सतत वाटेत असावा लागतो. म्हणूनच ग्रिडएफटीपी या फाइल-हस्तांतराच्या पद्धतीने मोठे बफर (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा) आणि एका फाइलसाठी अनेक समांतर प्रवाह वापरायला सुरुवात केली.

त्यानंतर एलएचसीओपीएन आलं: सर्न ते 11 टियर-1 केंद्रं अशा 10 गिगाबिटच्या राखीव वाहिन्या. सामान्य इंटरनेटची वाहतूक त्यांवर येऊच द्यायची नाही, हा नियम. प्रत्यक्ष डेटा वाहू लागल्यावर असं दिसलं, की नेटवर्क अपेक्षेपेक्षा कितीतरी भरवशाचं आहे. उतरंड सैल झाली आणि टियर-2 केंद्रं कुठल्याही केंद्राकडून डेटा घेऊ लागली. त्यांच्यासाठी 2010-11 पासून एलएचसीवन हे सामायिक जाळं आकाराला आलं.

मागणीनुसार वाहिनी देणाऱ्या सेवाही याच काळात वाढल्या. अमेरिकेच्या ईएसनेट या संशोधन-जाळ्याने ‘ऑस्कर्स’ ही अशी सेवा बांधली. अनेक जाळ्यांनी एकमेकांशी कसं बोलावं, यासाठी ‘एनएसआय’ हे मानक झालं. एलएचसीच्या रोजच्या कामात मात्र अशा वाहिन्या फारशा रुळल्या नाहीत. एलएचसीवनची सामायिक वाट पुरेशी ठरली. खरा उपयोग झाला तो ‘पर्फसोनार’चा. ठिकठिकाणी मोजणीयंत्रं बसवून विलंब आणि पॅकेट-गळती (वाटेत हरवणारे डेटाचे तुकडे) सतत पाहिली जाऊ लागली. लांब पल्ल्यावर अगदी थोडी गळतीही वेग कोसळवते, आणि दोष नेमका कुठल्या टप्प्यावर आहे हे मोजल्याशिवाय कळतच नाही.

भारतात सी-डॅक या सरकारी संगणन-संस्थेच्या ‘गरुड’ ग्रिडने 17 शहरांतल्या 45 संस्था जोडल्या, त्या सुरुवातीला अर्नेट या शिक्षण-संशोधनाच्या जाळ्यावर. 2010 मध्ये नॅशनल नॉलेज नेटवर्क या देशव्यापी जलद जाळ्याला मंजुरी मिळाली, दहा वर्षांसाठी 5990 कोटी रुपये. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगाचं आणि कोलकात्याच्या व्हीईसीसीमध्ये तिथल्याच ॲलिस प्रयोगाचं टियर-2 केंद्र आहे. इतक्या दूरच्या केंद्रांना जाळ्याची प्रत्येक उणीव युरोपातल्या केंद्रांपेक्षा आधी जाणवते.

एलएचसीच्या पुढच्या, कितीतरी मोठ्या डेटाची तयारी म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये जगभरच्या केंद्रांनी अपेक्षित वाहतुकीच्या पाव हिश्शाची चाचणी घेतली. डेटा-व्यवस्थापक ‘रुसिओ’ने हस्तांतराआधी नेटवर्ककडे वाट मागायची, हाही प्रयोग त्यात होता. गाराने 1999 मध्ये मागितलेलं हेच होतं.