कोंढाणा पडद्यावर येण्याआधी

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, माघ वद्य नवमीला, तानाजी मालुसरे मावळ्यांसह कोंढाण्याचा कडा चढून गेले, उदेभानाशी झुंजताना पडले आणि गड स्वराज्यात आला. पक्की माहिती म्हणाल तर साधारण एवढीच. पण आपल्यातल्या कुणालाही विचारा, रायबाचं लग्न, घोरपड, म्हातारे शेलारमामा, कापलेले दोर असं सगळं तो डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगेल. शिवकालीन चित्रपट आला की ‘यात इतिहास किती?’ हा वाद ठरलेला असतो. त्यात दोष नेहमी दिग्दर्शकाच्या माथी मारला जातो, आणि ते मला पटत नाही. गोष्टीला आकार येत गेला तो कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी.

सर्वांत जुनी मराठी हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाची. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्याने जिंजीला बखर लिहिली. तिच्यात घोरपड नाही. मावळे वानरासारखे कडा चढतात. महाराजांच्या तोंडी शब्द आहेत ते असे: ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ घोरपड आणि रायबाचं लग्न आणलं ते शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने. पोवाडा हा डफावर, उभ्या गर्दीपुढे गायचा. तिथे श्रोत्याला धरून ठेवायला घरचं लग्न आणि त्याच वेळी आलेला सांगावा याहून बळकट प्रसंग कुठला? पुढे १९०३ साली हरि नारायण आपट्यांनी यावर कादंबरी लिहिली आणि ‘गड आला, पण सिंह गेला’ हे तिचं नावच महाराजांचं वाक्य होऊन बसलं. तानाजींमुळे गडाचं नाव सिंहगड पडलं, हेही असंच घट्ट रुजलेलं. प्रत्यक्षात १६६३ सालच्या महाराजांच्या पत्रातच सिंहगड हे नाव येतं.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ही कादंबरी उचलली आणि १९२३ साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सिंहगड’ हा मूकपट आला. बाबूराव मुळात चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. कॅमेराही त्यांनी कोल्हापुरातच घडवलेला. रंगवलेल्या पडद्यांऐवजी त्यांनी भरीव नेपथ्य उभं केलं, रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरले. त्या काळात ही मोठी उडी होती. महाराजांची भूमिका त्यांनी स्वतः केली आणि शेलारमामा झाले होते तरुण व्ही. शांताराम. बाबूरावांच्या मूकपटांची फारच थोडी रिळं आज उरली आहेत, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

शांताराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२९ साली ‘प्रभात’ काढली. पुढच्याच वर्षी, मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत, त्यांनी ‘स्वराज्याचे तोरण’ तयार केला. सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्द सोसला नाही. चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने लागला. शिवकालाची गोष्ट सांगणं म्हणजे तेव्हा सरकारशी बोलणं होतं, आणि सरकारलाही ते बरोबर ऐकू येत होतं. १९३३ मध्ये ‘प्रभात’ने ‘सिंहगड’ पुन्हा केला, यावेळी आवाजासह.

त्यानंतरचा मोठा काळ भालजी पेंढारकरांचा. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत त्यांचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. कर्ज डोक्यावर घेऊन त्यांनी तो पुन्हा उभा केला आणि १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ दिला. त्यातले चंद्रकांत मांढरे हेच कित्येक घरांत महाराजांचं रूप ठरले. १९६४ च्या ‘मराठा तितुका मेळवावा’ला लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिलं. ‘अखेरचा हा तुला दंडवत’ त्यातलंच.

मधल्या मोठ्या ओहोटीनंतर २०१८ च्या ‘फर्जंद’पासून नवी लाट आली. साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेणारा कोंडाजी फर्जंद त्यामुळे नव्या पिढीला कळला, याचा मला मनापासून आनंद आहे. २०२० साली कोंढाणा पुन्हा पडद्यावर आला, हिंदीत. आता संगणकाने कडे उभे केले होते. रायबाचं लग्न मात्र तुळशीदासाचंच होतं.