ओटीपोटाच्या तळाचे स्नायू : आवळायचे कसे, सोडायचे कधी

लघवी गळू नये म्हणून ओटीपोटाचा तळ आवळा, असं सांगितलं की बऱ्याच जणी नेमकं उलटं करतात. शौचाला बसल्यासारखा खाली जोर देतात आणि आपला व्यायाम चाललाय असं समजतात. १९९१ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात बायकांना हा व्यायाम थोडक्यात तोंडी समजावला आणि मग मोजमाप घेतलं. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. सुमारे पाव जणी तो अशा तऱ्हेने करत होत्या की लघवी गळण्याचा त्रास उलट वाढू शकला असता. तेव्हा दिवसातून किती वेळा करायचा, हा प्रश्न नंतरचा.

ओटीपोटाच्या तळाचे हे स्नायू पुढच्या जघनास्थीपासून (ओटीपोटाखालच्या हाडापासून) मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ते खालून आधार देतात, आणि मूत्रमार्ग, योनी व गुदद्वार या तिन्ही वाटा त्यांच्यातूनच बाहेर पडतात. त्यांतले सुमारे ७० टक्के तंतू संथ, दिवसभर थोडा ताण धरून ठेवणारे. बाकीचे चपळ, शिंक किंवा ठसका आला की झटकन आवळणारे. व्यायामात दोन्हींना काम द्यावं लागतं.

योनीमार्गे बाळंतपण होताना या स्नायूचा सर्वांत आतला पट्टा मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो, असं संगणकीय प्रारूपांवरून दिसलं आहे. बहुतेकींचा तो सावरतो. काहींचा हाडापासून सुटतो. चिमटा लावून प्रसूती झाली असेल तर ही शक्यता वाढते. सिझर झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. नऊ महिन्यांचा भार या स्नायूंनी पेललेलाच असतो.

व्यायाम शिकताना पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून पावलं टेकवायची. चारचौघांत गॅस अडवताना जसं आवळतो तसं आधी गुदद्वार आवळायचं, तोच ताण पुढे मूत्रमार्गापर्यंत आणायचा आणि सगळं आत, वरच्या दिशेने ओढायचं. श्वास सोडता सोडता आवळणं सोपं जातं. नंतर श्वास चालू ठेवून ५ सेकंद धरायचं. ५ जमत नसतील तर ३. मग पूर्ण सैल सोडायचं, आणि सैल सोडलेला वेळ धरण्याइतका तरी हवाच. बऱ्याच जणी इथेच घाई करतात. अर्धवट सुटलेला स्नायू पुढच्या वेळी नीट आवळत नाही.

बरोबर जमतंय का, हे घरीच पाहता येतं. हातात आरसा धरून पाहिलं तर आवळताना योनी आणि गुदद्वार यांमधला भाग आत, वर सरकायला हवा. तो बाहेर फुगत असेल तर थांबायचं. सुरुवातीला सांगितलेलं खाली जोर देणं ते हेच. स्वच्छ धुतलेलं बोट योनीत घातलं तर चहूबाजूंनी आवळल्यासारखं आणि वर ओढल्यासारखं लागतं. नितंब, मांड्या सैल राहिल्या पाहिजेत. बेंबीखाली पोट किंचित आत गेलं तर चालेल, पण बरगड्या वर उचलल्या जात असतील किंवा श्वास अडत असेल तर ताकद भलतीकडेच चाललीय. लघवीची धार मध्येच अडवून पाहणं हा व्यायाम नव्हे. ती सवय लागली तर मूत्राशय पूर्ण रिकामं होण्यात अडथळा येतो.

ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं किमान ८ आकुंचनं, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने, असं सांगतात. व्यवहारात ८ ते १० संथ आकुंचनं हळूहळू १० सेकंदांपर्यंत न्यायची आणि शेवटी ८ ते १० झटपट आवळून सोडायची. झोपून जमलं की बसून, मग उभ्याने, मग चालताना. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फारसा फरक जाणवत नाही आणि निम्म्या जणी तिथेच सोडून देतात की काय, असं वाटतं. स्नायू जाड व्हायला दोनेक महिने लागतातच.

याला केगल व्यायाम म्हणतात, कारण अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो शास्त्रीय पद्धतीने मांडला आणि जोर मोजायचं साधनही वापरलं. आपल्याकडे योगात शिकवतात तो मूलबंध याच भागाचा. मात्र तो श्वास रोखून करायची सवय असेल तर इथे ती बाजूला ठेवावी.

खोकला येणार, शिंक येणार, बाळाला किंवा पाण्याचा हंडा उचलायचाय, अशा वेळी त्या आधीच्या क्षणी आवळून धरायचं आणि काम झालं की सोडायचं. वेळ साधणं हेच यातलं कसब. ताकद वाढायच्या आधी, आठवड्याभरातही याचा गुण येऊ शकतो.

प्रतिबंध म्हणून सुरुवात गरोदरपणातच करावी. लघवीचा त्रास नसलेल्या ज्या गरोदर स्त्रियांनी लवकर आणि नियमित व्यायाम केला, त्यांच्यात गरोदरपणाच्या शेवटी लघवी गळण्याची जोखीम सुमारे ६२ टक्क्यांनी कमी आढळली. प्रसूतीनंतर, लघवीसाठी नळी घातली असेल तर ती काढून लघवी नीट होऊ लागली की हलकं आवळणं सुरू करता येतं. टाके तुटतील ही भीती अनाठायी आहे. हलक्या आकुंचनाने तिथला रक्तपुरवठा सुधारतो. सव्वा महिना पोट करकचून बांधणं मात्र टाळा, कारण पोटातला दाब शेवटी खालीच जातो. आधारापुरता सैल पट्टा ठीक. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. त्याने बद्धकोष्ठ होतं, आणि रोजचं कुंथणं या स्नायूंचं मोठं नुकसान करतं. कमोडवर बसत असाल तर पायांखाली छोटा पाट किंवा स्टूल घ्या. गुडघे कमरेपेक्षा वर आले की गुदाशयाचा कोन सरळ होतो. धावणं, उड्या मारणं निदान तीन महिने थांबू द्यावं.

‘बाहेर पडायचंय, जाऊन येते’ म्हणून दर तासाला लघवीला जाणंही बरं नाही. थोड्याशा लघवीलाही घाई करायची मूत्राशयाला सवय लागते. दिवसात साधारण ६ ते ८ वेळा जाणं ठीक. प्रवासात सोय नाही म्हणून पाणीच न पिण्याने लघवी दाट होऊन जळजळ वाढते. वजन जास्त असेल तर थोडं उतरवल्यानेही गळणं कमी होतं.

सगळ्यांनाच आवळायचा व्यायाम लागत नाही, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. संबंधांच्या वेळी दुखणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, माकडहाडाशी कायम ठणका असेल तर स्नायू ढिले नसून आखडलेले असू शकतात. त्यांना आणखी आवळलं की दुखणं वाढतं. इथे आधी पोटभर श्वास घेत तळ खाली सैल सोडायला शिकवतात. ढिलेपणा आणि आखडलेपणा यांतला फरक बाहेरून कळत नाही, म्हणून फिजिओथेरपिस्ट आतून तपासणी करतात. ती नको असेल तर पोटावरून सोनोग्राफीच्या पडद्यावरही स्नायू वर जातो की खाली, हे बघता येतं.

अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, खाली गाठ हाताला लागणं, गॅस किंवा शी न आवरणं, लघवीतून रक्त, किंवा प्रसूतीत गुदद्वारापर्यंत फाटून टाके पडलेले असणं, यांत घरगुती व्यायामावर थांबू नये. हाडापासून सुटलेला स्नायू व्यायामाने पुन्हा चिकटत नाही. उरलेला बळकट करता येतो, आणि अंग वर धरायला योनीत बसवायची रिंगही मिळते. तिचं माप स्त्रीरोगतज्ज्ञाकडून घ्यावं लागतं.