खात्यात शिल्लक म्हणजे शाळेकडे मोकळा पैसा?

‘शाळेच्या खात्यात एवढी शिल्लक आहे, मग फी कशाला वाढवता?’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शंका रास्त आहे. आकडा मोठा दिसला की कोणालाही तसंच वाटेल. पण त्या शिलकेत पुढच्या सत्राची आगाऊ फी असते, विद्यार्थ्यांना परत द्यायची अनामत असते, प्रयोगशाळेसाठी म्हणूनच आलेलं अनुदान असतं. ते अनुदान पगाराकडे किंवा रंगकामाकडे वळवता येत नाही. समजा, शिल्लक 100 आहे. त्यात आगाऊ फी 45, अनामत 15, अनुदान 30. मोकळे उरले फक्त 10. खात्री करायची तर लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागा. बँकेतल्या शिलकेतून देणी आणि ठरावीक कामांचे निधी वजा करा. तरीही मोठी रक्कम उरली, तर फीवाढीचं कारण जरूर विचारा आणि उत्तर लेखी घ्या.