पोषणशास्त्रज्ञांचे धोरण व जनवकिली प्रशिक्षण

पोषणविषयक संशोधनाचे निष्कर्ष कायदे, नियम, सरकारी कार्यक्रम आणि अंदाजपत्रके यांपर्यंत कसे पोहोचवायचे, याचे पद्धतशीर शिक्षण. पीएच.डी. करणारे, ती नुकतीच पूर्ण केलेले आणि नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत असलेले शास्त्रज्ञ हा त्याचा मुख्य विद्यार्थिवर्ग. ‘अ‍ॅडव्होकसी’साठी मराठीत जनवकिली, पैरवी असे शब्द रुळले आहेत. त्यांतील ‘वकिली’ हा भाग मात्र जपून घ्यावा लागतो. वकिलाने आपल्या अशिलाचीच बाजू मांडायची असते; शास्त्रज्ञाला विरुद्ध जाणारा पुरावा झाकून ठेवण्याची मुभा नाही. या प्रशिक्षणाचा बराचसा भाग हा फरक अंगी बाणवण्यावरच खर्च होतो आणि तसाच तो व्हायला हवा.

पुरावा भक्कम असला की धोरण आपोआप बदलते, असा समज प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाच्या मनात सहज घर करतो. पोषणशास्त्राचा इतिहास याच्या अगदी उलट सांगतो. जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सकाने १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ जहाजावर स्कर्व्हीच्या (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराच्या) १२ रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. १७५३ मध्ये त्याने ग्रंथ प्रसिद्ध केला. पण त्या जाडजूड ग्रंथात या प्रयोगाला मोजकीच पाने मिळाली, आणि लिंडने शिफारस केली ती रस आटवून केलेल्या अर्काची. आटवताना क जीवनसत्त्वाचा मोठा भाग नष्ट होतो, हे तेव्हा कोणालाच माहीत असणे शक्य नव्हते. नौदलात लिंबाचा रस नियमाने मिळू लागला तो १७९५ मध्ये, म्हणजे ग्रंथानंतर ४२ वर्षांनी. तो निर्णय घडवून आणण्यात गिल्बर्ट ब्लेन या डॉक्टरचा मोठा वाटा होता. ब्लेनने नवा शोध लावला नव्हता. त्याच्यापाशी आरमाराच्या आजारांचे आकडे होते, दर्यासारंगांचा विश्वास होता आणि खलाशांच्या आरोग्याचा कारभार पाहणाऱ्या मंडळात त्याला जागा मिळाली होती. ‘सफोक’ जहाजाने १७९४ मध्ये २३ आठवड्यांचा प्रवास लिंबाच्या रसावर निभावला, हे उदाहरणही ताजे होते. लिंडचे काम शिकवणारे अभ्यासक्रम जगभर आहेत. ब्लेनचे काम शिकवण्याची सोय फार उशिरा झाली.

हीच गोष्ट विसाव्या शतकातही घडली. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांवर घेतलेल्या चाचणीचा निकाल १९९१ मध्ये आला. आधीच्या गरोदरपणात बाळाच्या मेंदू-मणक्यात जन्मजात दोष आढळलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल हे ब गटातील जीवनसत्त्व घेतले, तर तसा दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. अमेरिकेने १९९६ मध्ये नियम केला आणि १९९८ पासून ठरावीक धान्य-उत्पादनांत फोलिक आम्ल मिसळणे सक्तीचे झाले. चाचणीचे नेतृत्व ज्या देशाने केले, त्या ब्रिटनमध्ये मात्र सरकारच्या स्वतःच्या शास्त्रीय सल्लागार समितीने २००६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये शिफारस करूनही तसा निर्णय जाहीर व्हायला २०२१ साल उजाडले. इंग्लंडपुरता नियम २०२४ मध्ये झाला. पुरावा एकच होता. मधल्या काळात फोलिक आम्लामुळे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता झाकली जाईल का, सुरक्षित कमाल मात्रा किती, सगळ्यांच्या पिठात एखादा घटक मिसळण्याचा सरकारला अधिकार आहे का, अशा प्रश्नांवर चर्चा रेंगाळली. यांतील पहिले दोन प्रश्न शास्त्राचे, तिसरा मूल्यांचा. कोणत्या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देता येते आणि कोणत्या नाही, हे ओळखता येणे ही या प्रशिक्षणातील पहिली पायरी होय.

स्वरूप. प्रशिक्षणाचे प्रकार अनेक आहेत. सर्वांत खोलवर जाणारा प्रकार म्हणजे प्रत्यक्ष धोरणयंत्रणेत काही काळ काम करण्याची फेलोशिप. अमेरिकन असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेची १९७३ मध्ये सुरू झालेली योजना शास्त्रज्ञांना संघीय सरकारच्या कचेऱ्यांत आणि लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत पाठवते. ब्रिटिश संसदेचे १९८९ मध्ये स्थापन झालेले विज्ञान-तंत्रज्ञान कार्यालय पीएच.डी. विद्यार्थ्यांना साधारण तीन महिन्यांसाठी बोलावून घेते आणि खासदारांसाठी थोडक्या पानांचे टिपण लिहायला लावते. खास पोषणशास्त्रासाठी युरोपात १९९४ पासून, तर आफ्रिकेत २००२ पासून नेतृत्व-कार्यक्रम चालू आहेत. त्यांत निवासी शिबिरावर भर असतो. याखेरीज व्यावसायिक संघटना दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा घेतात, सदस्यांना लोकप्रतिनिधींच्या भेटीला नेतात आणि तरुण सदस्यांना आपल्या धोरण-समित्यांवर बसवतात.

अभ्यासक्रमाचा पाया म्हणजे धोरण कसे बनते याची समज. राज्यशास्त्रज्ञ जॉन किंगडन यांनी १९८४ मध्ये मांडलेली ‘तीन प्रवाहां’ची कल्पना येथे हमखास शिकवली जाते: प्रश्नाची जाणीव, तयार असलेला उपाय आणि राजकीय अनुकूलता हे तिन्ही प्रवाह एकत्र आले की काही काळासाठी संधीची खिडकी उघडते. शास्त्रज्ञाचा हात मुख्यतः दुसऱ्या प्रवाहापर्यंत पोहोचतो. त्यामुळे खिडकी उघडेल तेव्हा उपाय हाताशी तयार असणे हे त्याचे काम ठरते. चिलीमध्ये खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर इशारा देणारी काळी अष्टकोनी चिन्हे छापण्याचा कायदा २०१२ मध्ये झाला, अंमल जून २०१६ मध्ये सुरू झाला. मधल्या वर्षांत झगडा झाला तो नियमावलीवर: किती मिठाला ‘जास्त’ म्हणायचे? घन पदार्थांसाठी सोडियमची मर्यादा दर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅमपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने ४०० वर आणण्यात आली. कायदा संमत झाला की लढाई संपली असे समजून घरी जाणाऱ्या शास्त्रज्ञाची खरी गरज अशा वेळी असते. उंबरठ्याचा एकेक आकडा ठरवताना पोषणशास्त्र जाणणारा माणूस खोलीत असावा लागतो.

पुराव्याची भाषा. या प्रशिक्षणातील सर्वांत मोलाचा आणि सर्वांत अवघड भाग हाच. औषधाची गोळी आणि तिच्यासारखीच दिसणारी निष्प्रभ गोळी यांची तुलना करता येते. माणसाचा २० वर्षांचा आहार तसा वाटून देता येत नाही. म्हणून पोषणशास्त्राचा मोठा पुरावा निरीक्षणात्मक अभ्यासांतून येतो, आणि मार्गदर्शक सूचना तयार करताना सर्वत्र वापरली जाणारी, पुराव्याची खात्री ठरवणारी ‘ग्रेड’ पद्धत अशा पुराव्याला सुरुवातीलाच खालच्या पायरीवर ठेवत आली आहे. २०१९ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात एका गटाने याच पद्धतीच्या आधारे प्रौढांनी तांबडे मांस खाण्याचे प्रमाण आहे तसेच ठेवायला हरकत नाही, अशी दुबळी शिफारस केली, तेव्हा मोठा वाद उसळला. दोन्ही बाजूंपुढे अभ्यास जवळपास तेच होते. नवख्या शास्त्रज्ञाला या वादातून शिकायचे असते ते असे की ‘पुराव्याची खात्री कमी’ आणि ‘परिणाम नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि ऐकणाऱ्याला त्यांतील फरक समजावणे ही बोलणाऱ्याची जबाबदारी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या साखरविषयक सूचना याचा चांगला नमुना होत. मुक्त साखरेतून (पदार्थांत वरून घातलेल्या, तसेच मध व फळांच्या रसातील साखरेतून) मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवावी, ही शिफारस ‘ठाम’ म्हणून दिली. ५ टक्क्यांहून कमीची शिफारस ‘सशर्त’ म्हणून. मंत्र्यासमोर बसलेल्या तरुणाने हे दोन आकडे एकाच दमात, एकाच जोराने सांगितले तर तो चुकतो.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्याच गटात टाकले. अनेक मथळ्यांनी दोन्ही सारखेच घातक ठरवून टाकले. प्रत्यक्षात तो गट कर्करोगाशी असलेल्या संबंधाची खात्री किती ते सांगतो. धोका किती मोठा ते सांगत नाही. रोज ५० ग्रॅम खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हा आकडाही सापेक्ष आहे. शंभरातील पाच जणांना होणारा एखादा आजार १८ टक्क्यांनी वाढला, तर तो शंभरातील जवळपास सहा जणांना होतो. ‘१८ टक्के’ आणि ‘शंभरात एक जास्त’ ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. प्रशिक्षणार्थ्यांना दोन्ही रूपे सांगायची सवय लावली जाते, कारण फक्त मोठा दिसणारा आकडा पुढे करणारा माणूस एकदा उघडा पडला की पुन्हा त्याला बोलावले जात नाही.

सराव. हाताने करून पाहण्याचा भाग साधा दिसतो. दोन पानी धोरण-टिपण लिहायचे: निष्कर्ष आणि मागणी पहिल्या परिच्छेदात, पद्धत शेवटी. शोधनिबंधाच्या नेमका उलटा हा क्रम अंगवळणी पडायला वेळ लागतो. सरकारने मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या की त्या कलमवार कशा नोंदवायच्या, हे शिकवतात. एखाद्या धोरण-प्रश्नात कोणाचा अधिकार किती आणि कोणाला रस किती, याचा तक्ता मांडतात. मग लुटुपुटीची भेट: एकाने आमदार व्हायचे, एकाने त्याचा सहायक, आणि शास्त्रज्ञाला पाच मिनिटे. ‘मग मी नेमके काय करू?’ या प्रश्नावर बहुतेक जण पहिल्यांदा अडखळतात. ‘आणखी संशोधनाची गरज आहे’ हे उत्तर अशा ठिकाणी उपयोगाचे नसते.

येथेच कायद्याची एक रेषाही शिकावी लागते. माहिती देणे, व्यापक प्रश्नाकडे लक्ष वेधणे आणि एखाद्या विशिष्ट विधेयकाच्या बाजूने वा विरोधात लोकप्रतिनिधीचे मन वळवणे या तीन निराळ्या कृती आहेत. अमेरिकेत तिसऱ्या कृतीला लॉबिंग म्हणतात आणि संघीय अनुदानाचे पैसे तिच्यासाठी वापरता येत नाहीत. आपली संस्था, आपला अनुदानदाता आणि आपण स्वतः, यांपैकी कोणाच्या नावाने बोलतो आहोत हे प्रत्येक वेळी आधी ठरवून घ्यावे लागते.

हितसंबंध. खाद्यउद्योगाशी संबंध हा या क्षेत्राचा दुखरा भाग आहे, आणि ज्या कार्यशाळा त्याला शेवटच्या अर्ध्या तासात उरकतात त्या आपल्या विद्यार्थ्यांना उघड्यावर सोडतात. १९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका आढावालेखाने हृदयविकाराच्या संदर्भात साखरेवरचा संशय कमी लेखून रोख मेदाकडे वळवला. त्यासाठी अमेरिकेतील शुगर रिसर्च फाउंडेशनने ६,५०० डॉलर दिले होते, हे जुन्या पत्रव्यवहारातून २०१६ मध्ये उजेडात आले. लेख छापला तेव्हा त्या नियतकालिकात असे संबंध जाहीर करण्याचा नियमच नव्हता. आज नियम आहेत. पण परिषदेचा खर्च, शिष्यवृत्ती, सल्लागारपद अशा लहान वाटांनी बांधिलकी येते आणि सर्वांत आधी ती पैशाची चणचण असलेल्या तरुण संशोधकाच्या दारात येते. प्रशिक्षणाचा खर्च कोण करतो, हा प्रश्नही विद्यार्थ्यांनी विचारायलाच हवा.

दुसऱ्या बाजूने येणारा दबाव अधिक उघड असू शकतो. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षी अशा पेयांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी कमी झाली. कराच्या समर्थकांना, त्यांत सरकारी संशोधन संस्थेतील एका शास्त्रज्ञालाही, हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचे दुवे मोबाइलवर पाठवले गेल्याचे टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब या संशोधनगटाने २०१७ मध्ये उघड केले. समाजमाध्यमांवरील हल्ले, नोकरीच्या ठिकाणी येणारे दडपण आणि उपकरणांची सुरक्षितता हे विषय अभ्यासक्रमात असायला हवेत. एकट्याने बोलण्याऐवजी संघटनेच्या आडोशाने बोलण्याचा सल्ला याच अनुभवातून येतो.

अडचणी. विद्यापीठात बढती शोधनिबंधांवर मिळते. हरकती-सूचना नोंदवण्यात घालवलेला महिना कोणत्याही रकान्यात बसत नाही, आणि मार्गदर्शकाला तो वाया गेलेला वाटू शकतो. कमी मुदतीच्या करारावर असलेल्यांना हे सर्वांत जड जाते, त्यामुळे ज्यांना आर्थिक आधार आहे तेच या वाटेने पुढे जाण्याचा धोका राहतो. प्रशिक्षणाचे मूल्यमापनही सोपे नाही. शिबिरानंतर लगेच भरून घेतलेल्या प्रश्नावलीत ‘आत्मविश्वास वाढला’ अशी नोंद मिळते. धोरण बदलायला मात्र दहा-वीस वर्षे लागतात आणि त्याचे श्रेय कोणा एका कार्यशाळेला देता येत नाही. म्हणून काही कार्यक्रम आता पाच वर्षांनंतर माजी विद्यार्थ्यांना साधे प्रश्न विचारणे पसंत करतात: या काळात किती मसुद्यांवर तुम्ही लेखी म्हणणे मांडले, कोणत्या समितीवर बसलात, आणि तुम्हाला पुन्हा बोलावले का?